निळ्या खड्यातलं पाणी

आमच्या सासूबाईंची तंद्री लागली की त्यांना हाक मारण्यात अर्थ नसायचा. हातातलं काम चालूच असायचं, पण बाई कुठेतरी खोल, पाण्याच्या तळाशी गेल्यासारख्या. पुढच्या खोलीतून मशीन थांबवून सासरे म्हणायचे, "गेली बुडी मारायला. वर आली की चहाचं विचारू."

सासरे शिंपी. सगळा मोहल्ला त्यांना मास्टर म्हणे. रस्त्याकडची खोली त्यांची: कापडाचे तुकडे, खडूची भुकटी, भिंतीला टांगलेले अर्धे शिवलेले कोट. मागची जाळी लावलेली गॅलरी आईंची, म्हणजे सासूबाईंची. तिथे एक लाकडी मांडणी, तिच्यावर रसायनांच्या काचेच्या बरण्या, आणि प्रत्येक बरणीच्या गळ्याला लाल दोरा. लाल दोऱ्याची बरणी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात कडक कायदा. बाकी कायदे मास्टरांनी केव्हाच मोडून ठेवले होते.

आई पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या आईने बिचकत विचारलं, "विहीणबाई तिथे नक्की काय करतात?" मास्टर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पाण्यात पाणी कालवतात आणि पगार घेतात." माझ्या आईला हसावं की नाही ते कळेना. शेवटी आईंनीच समजावून सांगितलं. गावभरच्या टाक्यांमधून, नळांमधून पाण्याचे नमुने येतात. ते तपासायला जी द्रावणं लागतात, ती त्या करून देतात. कुठल्या द्रावणात काय आणि किती आहे, हे नेमकं माहीत असलं तरच पाण्यात काय आहे ते कळतं.

"म्हणजे असं बघा," त्या मास्टरांच्या गळ्यातल्या टेपकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मापं घेतात दुसरे. मी टेप तयार करते. टेपच आखूड निघाली तर माप घेणाऱ्याचा काय दोष?"

"आणि कोट घट्ट झाला की शिव्या मात्र शिंप्याला," मास्टर म्हणाले.

मी या घरात आले ती भाषेची पदवी घेऊन. आकडे दिसले की मी पान उलटणारी. नव्या नवलाईच्या दिवसांत एका दुपारी, सगळं घर पेंगुळलेलं असताना, आईंनी मला गॅलरीत बोलावलं. जुन्या चमच्यात मोरचुदाचे दोन-तीन खडे होते. मोराच्या मानेसारखे निळे, कोरडे ठणठणीत. चमचा त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर धरला. हळूहळू खड्यांचा रंग उतरत गेला, जसं कोणाचं तरी बोलता बोलता लक्ष उडावं तसा. थोड्या वेळाने चमच्यात नुसती पांढरी भुकटी राहिली. मग त्यांनी माझ्या हातात पाणी भरलेली बारीक काचेची नळी दिली. "एक थेंब टाक." मी टाकला. थेंब पडला तिथून निळा रंग उमलत गेला.

"पाणी त्याच्या आतच होतं," त्या म्हणाल्या. "हाताला ओलं लागलं नसतं, पिळून निघालं नसतं. तरी होतं. आणि त्याला वजनही होतं."

त्या दिवशी मी सासूला घाबरायचं सोडलं. का ते मला नीट सांगता येणार नाही.

रसायनशास्त्रातला मोल हा प्रकार मला त्यांनी मास्टरांच्या बटणांवरून शिकवला. घाऊक बाजारातून बटणं आली की मास्टर कधी एकेक मोजत बसत नसत. एका बटणाचं वजन ठाऊक, मग ढीग काट्यावर टाकायचा की किती नग ते कळलं. "आमच्याकडचे नग म्हणजे रेणू, इतके बारीक," आई म्हणाल्या, "की सगळं गाव जन्मभर मोजत बसलं तरी चिमूटभर संपायचे नाहीत. म्हणून मोजायचं नाही, तोलायचं. प्रत्येक पदार्थाच्या एका मोलात नग तेवढेच, वजन मात्र ज्याचं त्याचं वेगळं. शर्टाची बटणं आणि कोटाची बटणं, नग सारखे, पण कोटाची जड."

"आणि पुठ्ठ्याची गोष्ट सांग तिला," मास्टर बाहेरून ओरडले.

पुठ्ठ्याची गोष्ट म्हणजे अशी की काही बटणं पुठ्ठ्यावर टाचलेली येतात. ती पुठ्ठ्यासकट तोलली आणि पुठ्ठा हिशेबात धरायचा राहिला, तर बटणं कमी भरतात. ऐन वेळी कोटाला बटण नाही. मोरचुदाचं तसंच. नुसत्या मोरचुदाच्या मोलाचं वजन एकशे साडेएकोणसाठ ग्रॅम. पण निळ्या खड्यात प्रत्येक नगाला पाण्याचे पाच नग बिलगलेले असतात. ते धरले की एकशे साडेएकोणसाठाचे दोनशे साडेएकोणपन्नास होतात. खडे तोलताना ते पाणी विसरलं की द्रावण पांचट.

प्रयोगशाळेत आईंच्या हाताखाली एक मुलगी होती. मुलगी कसली, तिची स्वतःची मुलगी शाळेत जायला लागली होती. पण ती लागली तेव्हा सगळे तिला 'नवी' म्हणाले आणि मग ती नवीच राहिली. तिने हिशेब करून आणला की आई मान वर न करता विचारायच्या, "पाणी धरलंस?" धरलेलं असायचं. तरी विचारायच्या. नवी वैतागून मला म्हणाली होती, "वहिनी, एखाद दिवशी या बाई मला चहा देतील आणि विचारतील, यात पाणी धरलंस का?"

मग आईंचं मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर बरेच दिवस ताप उतरेना. उतरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, डोक्यात थोडं धुकं राहील, जाईल हळूहळू. धुकं म्हणजे काय ते आम्हाला घरात कळायला लागलं. भाजीत मीठ दोनदा. दूध गॅसवर ठेवलं की नाही, ते बघायला पुन्हा पुन्हा उठणं. शब्द जिभेवर येऊन परत जायचा. मास्टर म्हणायचे, "मीठ दोनदा, म्हणजे माझ्यावर माया दुप्पट." आई हसायच्या, पण डोळे हसायचे नाहीत. पूर्वीची तंद्री त्यांची स्वतःची होती. वाटेल तेव्हा बुडायचं, वाटेल तेव्हा वर यायचं. आता त्यांना वर यायची वाट सापडत नव्हती.

रजा संपत आली, तेव्हा प्रयोगशाळेचे साहेब घरी येऊन गेले. माणूस भला. चहा पिऊन, खूप आढेवेढे घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही या, जरूर या. पण आता दगदग नको. नमुने घेतो ना आपण, त्या खिडकीत बसा. बाटली घ्यायची, चिठ्ठी डकवायची. आरामाचं काम."

"आणि द्रावणं?" आईंनी विचारलं.

"नवी करतेय ना."

साहेब गेल्यावर माझा नवरा म्हणाला, "चांगलं आहे की गं आई. खिडकीत बस, लोकांशी गप्पा मार."

"मला लोकांशी गप्पा मारायला आवडतं असं तुला कधीपासून वाटायला लागलं?"

"मग घरी बस," मास्टर म्हणाले. "मला काजं करायला माणूस हवंच आहे."

"तुमच्या काजांना लागो आग," आई म्हणाल्या आणि गॅलरीत गेल्या. मी मागोमाग गेले. त्या मांडणीला टेकून उभ्या होत्या. "खिडकीत बसले की मी संपले," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पण काट्यापाशी उभी राहिले आणि चुकले तर? माझी बाटली चुकली की सगळ्यांचे आकडे चुकतात, आणि चुकलेत हे कोणाला कळतसुद्धा नाही. तसेच आकडे वर जातात, त्यावरून टाकीत औषध पडतं. लोक ते पाणी पितात." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला जमतंय की नाही, हे मलाच बघायला हवं."

मांडणीच्या वरच्या फळीवर, खिडकीच्या उजेडात, एका बरणीत त्यांचा खडा होता. आजारपणाच्या आधीपासून वाढत असलेला. रेशमाच्या एकाच तंतूला टांगलेला मोरचुदाचा स्फटिक, अंगठ्याएवढा, कडा सुरीने कापल्यासारख्या. तो वाढवायची रीत साधी होती. पाण्यात मोरचूद इतकं की आणखी मावणार नाही. मग पाणी उडत जाऊन जे जास्तीचं होतं ते गुपचूप येऊन खड्याच्या अंगाला बसतं. दुपारी ऊन तिरपं झालं की बरणीतून निळा उजेड भिंतीवर पडायचा आणि गॅलरी तळ्याच्या बुडाशी असल्यासारखी वाटायची. ताप असताना आईंची खाट आम्ही तिथेच घातली होती. त्या तासन् तास भिंतीवरच्या त्या निळ्याकडे बघत पडायच्या.

बरणीतलं द्रावण आता गढूळ झालं होतं. खडा ताज्या द्रावणात हलवायचा होता. "आज करू," त्या म्हणाल्या. "तू नुसती बघ. काही सांगू नकोस."

मी सांगणार तरी काय होते? अर्धा लिटर द्रावण, त्यात पाऊण मोल. त्यांनी पाठकोऱ्या बिलाच्या कपट्यावर गुणाकार मांडला, दोनदा केला, ओठ हलवत पुन्हा तपासला. उत्तर दोन्ही वेळा तेच आलं. चेहऱ्यावर असं समाधान की मला भरून आलं. मग छोटा काटा काढला, खडे तोलले, कोमट पाण्यात ढवळले. पाणी निळं होत गेलं. गाळणकागदातून ते थेंब थेंब खाली उतरत राहिलं. बाहेर मास्टरांच्या मशीनचा आवाज पावसासारखा लागला होता. द्रावण निवलं, तेव्हा त्यांनी तंतूला धरून खडा अलगद नव्या बरणीत सोडला.

"बस," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बरणीसमोर बसल्या. मी कपड्यांच्या घड्या घालायला आत गेले.

परत आले तर त्या तशाच बसलेल्या. मला वाटलं लागली तंद्री, बरं झालं, जुन्या आई परत आल्या. पण त्यांनी मला हाताने जवळ ओढलं. "बघ. खड्याच्या खाली बघ."

आधी मला काहीच दिसलं नाही. मग उजेडाच्या आड डोळा नेल्यावर दिसलं. खड्याच्या अंगावरून काहीतरी निथळत होतं. साखर विरघळताना पाण्यात दिसतात तशा बारीक, काचेसारख्या रेघा. खड्यापासून सुटायच्या आणि डोलत डोलत तळाकडे जायच्या. इतकं देखणं होतं ते! पाण्यावर तरंगणाऱ्या माणसाचे केस खाली पसरावेत तसं.

"किती सुंदर," मी म्हणाले.

"सुंदरच," आई म्हणाल्या. "खडा वाढत असला की या रेघा वर जातात. त्याने पाण्यातलं मोरचूद घेतलेलं असतं, म्हणून त्याच्याजवळचं पाणी हलकं होतं, वर चढतं. खाली जातात म्हणजे त्याच्या अंगचं पाण्यात उतरतंय. जड होऊन खाली चाललंय. विरघळतोय तो."

त्यांनी पटकन खडा वर काढला, फडक्याने टिपला. कडा हाताला बोथट लागत होत्या, साबणाच्या वडीसारख्या.

मग त्यांनी तो कपटा घेतला आणि उजेडात धरला. गुणाकार बरोबर होता. पुन्हा केला, पुन्हा बरोबर. पाऊण गुणिले एकशे साडेएकोणसाठ. एकशे वीसला जरासं कमी. बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांचा हात खाली आला.

"पाणी धरलं नाही मी," त्या म्हणाल्या.

एकशे सत्त्याऐंशी ग्रॅम लागणार होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्या स्वतःला विचारायला विसरल्या होत्या. आणि तपासताना काय केलं, तर तोच चुकलेला आकडा पुन्हा पुन्हा गुणला.

मास्टर दारात येऊन उभे होते. नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, "असू दे गं, पुठ्ठा राहिला एवढंच..." पण आईंचा चेहरा बघितला आणि पुढचं गिळलं. आत जाऊन त्यांनीच चहा टाकला. भयंकर झाला होता. आम्ही तिघांनी तो मुकाट्याने प्यायला.

त्या संध्याकाळी आईंनी ठरवलं की खिडकीत बसायचं. रडारड नाही, काही नाही. सामान लावतात तसं शांतपणे ठरवलं.

रजा संपायच्या आदल्या दिवशी नवी आली. हातात पिशवी, केस विस्कटलेले. आईंच्या समोर ती नेहमी परीक्षेला आल्यासारखी बसायची, तशीच खुर्चीच्या टोकावर बसली. "बाई, साहेब म्हणाले तुम्ही खिडकी घेताय."

"हो."

"का?"

आईंनी गोलमटोल झालेला खडा तिच्या पुढ्यात ठेवला. "पाणी धरलं नाही," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं आता नवी म्हणणार, अहो बाई, होतं असं, आजारी होतात तुम्ही. ती तसं काही म्हणाली नाही. खडा बोटांत फिरवून बघितला. "कसं कळलं?"

"रेघा खाली जात होत्या."

"म्हणजे तुम्हीच पकडलंत."

"चूक झाल्यावर. घरात. तिथे क्लोरीन मोजायच्या हायपोच्या बाटलीत मला कुठल्या रेघा दिसणार?"

"बाई," नवीने खडा खाली ठेवला, आणि एकदम तिचा आवाज चढला, "तुम्ही मला इतकी वर्षं छळलंत ना, पाणी धरलंस, पाणी धरलंस? मी घरी जाऊन नवऱ्याला तुमच्या नकला करून दाखवायचे. तुम्ही रजेवर गेलात आणि मला कोणी विचारेना. मी सगळं दोनदा करते, तीनदा करते. पण माझंच मी बघायचं म्हणजे काय, मला माझी चूक बरोबरच दिसते! साहेबांना दाखवलं की ते न बघता 'छान, छान' म्हणतात. मी बाटली भरते आणि घरी येऊन मुलीचा अभ्यास घेताना मनात बाटलीच. तुम्ही खिडकीत बसलात तर माझं कोण बघणार?"

बाहेर मास्टरांचं मशीन थांबलं होतं. कान इकडेच असणार.

"मी चुकते, हे तुला सांगितलं ना आत्ता?" आई म्हणाल्या.

"मग मी बघेन तुमचं. तुम्ही बघा माझं."

"तू? माझं?"

"का, मला येत नाही?"

इतक्या वर्षांत आईंचा हिशेब कोणी तपासला नव्हता. तसा धीरच कोणाला झाला नव्हता. आईंच्या कपाळावर ती जुनी आठी आली, आजारपणात हरवलेली, आणि मला ती बघून किती बरं वाटलं म्हणून सांगू. "तू पेन फार दाबून लिहितेस," त्या शेवटी म्हणाल्या. "आकडे मागून उमटतात."

"बरं, नाही दाबणार," नवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मास्टरांनी हट्टच धरला की मी सोबत जायचं. आई साहेबांच्या खोलीत गेल्या, थोड्याच वेळात बाहेर आल्या. आत काय बोलणं झालं ते नुसत्या एका वाक्यात सांगितलं: "मी त्यांना म्हटलं, दोघींनी बघितल्याशिवाय बाटली टेबलावरून हलणार नाही, चालत असेल तर येते." चालणार होतं. मला त्यांनी भिंतीलगतच्या स्टुलावर बसवलं आणि कशालाही हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

खोली लांबट होती, उंच खिडक्यांची. फरशीवर उन्हाचे चौकोन पडलेले. कुठेतरी नळ ठिबकत होता. काचेच्या पेटीत ठेवलेला काटा श्वासानेही हलेल असा. आईंनी ॲप्रन चढवला. तो आता त्यांना ढगळ होत होता. हायपोचं द्रावण करायचं होतं, लिटरला दशांश मोल. त्यांनी कागदावर हिशेब मांडला आणि टेबलावरून पलीकडे सरकवला.

नवी वाचू लागली. घाई केली नाही. मध्येच म्हणाली, "बाई, डबीवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा."

आईंनी मान वर केली. मला वाटलं, आता ठिणगी पडणार. पण त्यांनी डबी उचलली, चष्मा सारखा केला आणि शाळेतल्या मुलीसारखं वाचून दाखवलं, पाण्याच्या पाच नगांसकट.

"दोनशे अठ्ठेचाळीस," नवी म्हणाली. "दशांशाला चोवीस पूर्णांक आठ. तुमचं तेच आहे. थांबा, मी माझं वेगळं करते, तुमचं न बघता."

आणि आई थांबल्या. दोन्ही हात टेबलावर ठेवून, खिडकीकडे बघत थांबल्या. नवीचं पेन कागदावर कुरकुरत होतं, चांगलंच दाबून.

"तेच येतंय," ती म्हणाली.

मग तोलणं झालं. खडे बीकरमध्ये पडले, काचेच्या कांडीचा किणकिण आवाज खोलीभर फिरला. मग सगळं लांब मानेच्या फ्लास्कमध्ये गेलं, बीकर दोनदा धुऊन ते पाणीही आत गेलं. आईंनी फ्लास्क हातात घेऊन गोल हलवला, आणि मला खुणेने जवळ बोलावून त्याच्या पोटावर माझी बोटं टेकवली. बाहेर रणरणतं ऊन असताना काच विहिरीतून काढल्यासारखी थंडगार होती.

"विरघळताना हा ऊब ओढून घेतो," त्या म्हणाल्या. "आत्ता मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं नाही. आत्ता भरलं तर माप चुकेल. आधी त्याला खोलीएवढं उबदार होऊ द्यायचं."

"किती वेळ लागतो?"

"लागेल तेवढा."

नवीने दोन स्टुलं ओढली. फ्लास्कच्या अंगावर बारीक दव धरलं होतं. त्याला मधे ठेवून दोघी अल्याड-पल्याड बसल्या. नवी मुलीच्या शाळेतलं काहीतरी सांगत होती, आई "हं, हं" करत होत्या. बोलता बोलता त्यांचं हं थांबलं. नजर काचेवर, ओठ किंचित उघडे. नवीने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, आवाज खाली आणला, आणि आपलं बोलणं तसंच चालू ठेवलं.